वस्तरा भाच्याला द्यायचा, पण कोणता?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ सातारा जिल्ह्यात राहतात आणि कित्येक वर्षं उघड्या वस्तऱ्यानंच दाढी करतात. त्यांचा रोजचा वस्तरा जर्मन बनावटीचा, ५/८ इंच रुंद, गोल टोकाचा. शिवाय त्यांच्या वडिलांचा एक वस्तरा घरात आहे. तोही जर्मनीतल्या झोलिंगेन शहरातला, पण चौकोनी टोकाचा आणि पिवळसर मुठीचा. वडील गेल्यापासून तो डबीत घालून कपाटात ठेवलेला आहे. भाचा १९ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. सुट्टीत मामांना दाढी करताना पाहून आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून तो म्हणाला, "मामा, आजोबांचा वस्तरा मला द्या की." मामा खूश झाले. भाऊबीजेला बहिणीकडे जातील तेव्हा सगळ्यांसमोर तो द्यायचा, असा त्यांचा बेत आहे. बहिणीचा मात्र साफ नकार: हॉस्टेलवर असली वस्तू नको, आणि पोराच्या तोंडावर आधीच मुरमं आहेत.

मामांचे प्रश्न असे: आजोबांचा वस्तरा आत्ताच द्यावा, की आधी ऑनलाइन मिळणारा एखादा स्वस्त नवा? की सलूनमध्ये असतो तसा ब्लेड बदलायचा वस्तरा देऊन हात बसवून घ्यावा? चार दिवसांत शिकवून होईल का? बहिणीची समजूत कशी घालावी? शेवटी ते लिहितात, "दिला तर त्यानं रोज वापरायला हवा. नुसता ठेवायचा असेल तर माझ्या कपाटात काय वाईट आहे? धार अजून आहे, नखावर लावून पाहिली."

उत्तर:

नमस्कार. तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

नखावर अडकली म्हणजे धार आहे, हा हिशेब सुरी-कोयत्यापुरता ठीक. वस्तऱ्याच्या बाबतीत नखावरून एवढंच कळतं की धारेला मोठे खवले पडलेले नाहीत. दाढीला लागणारी धार त्याच्या कितीतरी पुढची असते, आणि ती असलीच तर नखावर ओढल्यानं तिथल्या तिथे बिघडते. त्यात हे कार्बन स्टील. पातं वरून चकचकीत दिसलं तरी धारेच्या अगदी कडेला पोलाद सर्वांत पातळ असतं आणि गंज आधी तिथेच लागतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि टाचेपासून (धारेचं मुठीकडचं टोक) पुढच्या टोकापर्यंत धार बघा. काळे ठिपके धारेपर्यंत पोचलेत का? मग दिव्याखाली वस्तरा असा धरा की धार सरळ तुमच्या डोळ्यांकडे येईल. एखादी पांढरी रेघ किंवा ठिपका चमकला तर तेवढ्या जागी धार गेलेली आहे. नीट लागलेल्या धारेवरून प्रकाश परत येत नाही.

म्हणजे "माझ्या कपाटात काय वाईट आहे" याचं उत्तर असं, की कपाटच वाईट आहे. साताऱ्याकडचा पावसाळा आणि बंद डबी, कार्बन स्टीलला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

पिवळसर मुठीचंही बघायला हवं. जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी हस्तिदंताच्या असत, पण त्याहून कितीतरी जास्त सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकच्या असत आणि त्या मुद्दाम हस्तिदंतासारख्या दिसतील अशा बनवलेल्या असत. मूठ कोमट पाण्यानं ओली करून अंगठ्यानं जोरात चोळा. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड. तापलेली सुई टोचून बघायची जुनी युक्ती कोणी सांगितली तर करू नका, सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की त्यातून आम्लधर्मी वाफ निघते आणि बंद डबीत ती थेट पात्यावर बसते. पात्याचा जेवढा भाग मुठीच्या आत राहतो तेवढ्यावरच गंज दिसत असेल, मूठ चिरलेली, चुरा होणारी किंवा चिकट झाली असेल, तर वस्तरा आजच डबीतून काढा, उघडा ठेवा आणि मूठ बदलून घ्या. पातं वाचेल. मूठ हस्तिदंताचीच निघाली तर भारतात तिची खरेदी-विक्री कायद्यानं बंद आहे आणि नुसती घरात ठेवण्यालाही नियम आहेत. वन विभागाकडे विचारून मगच ती दुसऱ्याच्या हाती द्या. परदेशी तर नेऊच नये.

आता मूळ प्रश्न. तुम्ही तीन पर्याय मांडलेत. चौथा रोज सकाळी तुमच्या हातात असतो, तो तुम्ही धरलेलाच नाही. तुमचा रोजचा वस्तरा भाच्याला द्या, आणि वडिलांचा तुम्ही स्वतः वापरायला काढा.

कारण साधं आहे. नवशिक्याची दाढी ओढली जाते, जळजळते, तेव्हा दोष धारेचा, कोनाचा, फेसाचा की पट्ट्याचा (दाढीआधी वस्तरा ज्यावर फिरवतात ती चामड्याची पट्टी) हे त्याला कळत नाही. सगळंच नवीन असतं. तुमच्या रोजच्या वस्तऱ्याची धार कशी आहे हे तुम्हाला काल सकाळी कळलेलं आहे. तो दिला की एक शंका मिटते: ओढतोय म्हणजे हात चुकतोय किंवा पट्टा चुकतोय. वर त्याचं टोक गोल आहे आणि रुंदी ५/८. शिकणाऱ्याला याहून योग्य माप नाही. तुमच्या वडिलांच्या वस्तऱ्याचं चौकोनी टोक मिशीची कड आणि कल्ले रेखायला सुरेख, पण सरावलेल्या हातात. नवशिक्याचं सगळं लक्ष धारेच्या मध्यावर असतं आणि तेवढ्यात टोकाचा कोपरा कानाच्या पाळीत नाहीतर नाकपुडीखाली घुसतो. पुढे कधी तो वस्तरा भाच्याला द्याल तेव्हा धार लावायच्या १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) तो कोपरा चार-पाच वेळा अलगद गोल फिरवा. अर्धा मिलिमीटर गोलाई पुरते आणि बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

वर्षभरानं हवं तर अदलाबदल करा. तोवर आजोबांचा वस्तरा रोज पट्ट्यावर फिरेल, रोज पुसला जाईल आणि भाच्याला द्यायच्या वेळी त्याची धार कशी आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. भाच्याला हे आधी सांगा. "आजोबांचा तुझाच आहे, मी तो तयार करतोय" असं मामानं म्हटल्यावर एकोणीस वर्षांचा मुलगा वर्षभर थांबतो.

स्वस्त नव्या वस्तऱ्याचा नाद सोडा. ऑनलाइन फार कमी किमतीत मिळणाऱ्या बहुतेक वस्तूंना आकार वस्तऱ्याचा असतो, घडण नसते. पाठ वाकडी, त्यामुळे दगडावर ठेवल्यावर टाच टेकते तर टोक अधांतरी, आणि पोलाद असं की लावलेली धार दोन दाढ्यांत बसते. सराईत माणसाचाही त्यावर अख्खा दिवस जातो. नवशिक्याला मात्र वाटतं, आपल्याला जमत नाही. चांगल्या कारखान्याचा नवा वस्तरासुद्धा बहुधा दगडावर घेतल्याशिवाय दाढीलायक नसतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

ब्लेड बदलायच्या वस्तऱ्याबद्दल लोक सांगतात की आधी त्यावर शिका, मग खऱ्यावर या. मला हे पटत नाही. सलूनमध्ये त्याचं काम चोख आहे: गिऱ्हाईक बदललं की अर्धं ब्लेड बदललं, रक्तातून पसरणाऱ्या आजारांची धास्ती नाही. पण ते अर्धं ब्लेड अतिशय पातळ, दोन्ही कोपरे टोकदार, आणि हत्यार इतकं हलकं की नवशिक्या नकळत जोर लावतो. खऱ्या वस्तऱ्याच्या पात्याला स्वतःचं वजन असतं, तेवढ्यावर काम होतं. दोन्हीचा कोन वेगळा, त्वचेवरची जाणीव वेगळी. मुख्य म्हणजे ब्लेडच्या वस्तऱ्यावर पट्टा शिकता येत नाही, आणि खऱ्या वस्तऱ्यात अर्धं शिक्षण पट्ट्याचंच असतं. हॉस्टेलवर खरा वस्तरा चालणार नसेल आणि मधल्या काळात हात चालू ठेवायचा असेल, तर एक वेळ ठीक. पहिली पायरी म्हणून नको.

देण्याआधी वस्तरा साफ करायचा. मामाचा असला तरी एकाच्या दाढीचा वस्तरा दुसऱ्याच्या गालावर तसाच जाता कामा नये. हिपॅटायटिस बी चा विषाणू न दिसणाऱ्या वाळक्या रक्तातही किमान आठवडाभर टिकतो. भांड्याचं साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन पातं, मान (पातं आणि मुठीचा खिळा यांच्यामधला भाग), मुठीच्या आतली बाजू आणि खिळ्याभोवतीची फट घासा. कोरडं करा. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवलेला कापूस पात्यावर आणि मानेवर काही मिनिटं राहू द्या, फक्त मूठ सेल्युलॉइडची असेल तर तिला तो लागू देऊ नका. शेवटी सर्वांत बारीक दगडावर १५-२० फेऱ्या मारून धार ताजी करा. उकळायचं नाही, मूठ तडकते. ब्लीचही नको, पोलाद खातं. भाच्याचं हिपॅटायटिस बी चं लसीकरण झालंय का, हे या निमित्तानं बहिणीला विचारून घ्या. दिल्यानंतर तो वस्तरा त्याचा एकट्याचा. रूममेटला "जरा दे ना" म्हणून द्यायचा नाही आणि तुम्हीही परत वापरायचा नाही; वर्षभरानं अदलाबदल केलीत तर आधी हीच सफाई पुन्हा.

पट्टा मात्र त्याला नवा घ्या. चामडं निर्जंतुक करता येत नाही हे एक कारण. दुसरं असं की शिकणारा पहिल्या महिन्यात पट्ट्याला चार काप तरी पाडतोच, ते तुमच्या मुरलेल्या पट्ट्याला कशाला? अडीच-तीन इंच रुंद, दीड फूट लांब, गुळगुळीत चामड्याची साधी पट्टी आणि तिच्या जोडीला जाड सुती कापडाची तेवढीच पट्टी, एवढं पुरे.

पट्ट्यावर मारणं तुम्हाला इतकं सवयीचं झालंय की शिकवताना तुम्ही ते भराभर करून दाखवाल आणि तो तसंच भराभर करायला जाईल. हातात आधी लोणी लावायची बोथट सुरी द्या. नियम चारच आहेत. पट्टा ताणलेला, मध्ये झोळ नाही. पातं पूर्ण आडवं, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी चामड्याला टेकलेल्या. जाताना पाठ पुढे, धार मागे. आणि शेवटाला पोचल्यावर पातं उचलायचं नाही, पाठीवरच कूस बदलायची. पाठ उचलली की धार गोल होते. धारेवर वळवलं की पट्टा चिरतो आणि त्या चिरेवरून पुढच्या फेरीत धार पुन्हा बिघडते. कापडावर २० फेऱ्या, चामड्यावर ४० ते ५०, हळू. वेग सहा महिन्यांनी आपोआप येतो, न आला तरी दाढी तेवढीच चांगली होते.

चार दिवसांत काय होईल? चार दिवसांत पट्टा आणि दोन्ही गाल. त्याहून जास्त धरू नका. हात बसायला तीस-चाळीस दाढ्या लागतात. मिशीची जागा आणि हनुवटी तर सगळ्यात शेवटी. म्हणून भाऊबीजेला बहिणीकडे वस्तरा हातात ठेवून साताऱ्याला परत येण्यात काही अर्थ नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यालाच तुमच्याकडे आठ-दहा दिवस बोलवा, आणि शिकवणी तुमच्या बेसिनपाशी होऊ द्या.

पहिल्या दिवशी त्यानं फक्त बघायचं आणि सुरीनं पट्टा मारायचा. दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर गरम पाण्याचं फडकं दोन-तीन मिनिटं गालावर. फेस ब्रशनं, दाट पण ओला. कोरड्या फेसावर वस्तरा अडकतो, आणि डब्यातला फवाऱ्याचा फोम लगेच वाळतो. तीन बोटं मानेवर, करंगळी शेपटीच्या (खिळ्यामागचं वळलेलं टोक) वळणात, अंगठा खालून, मूठ वर उघडलेली. पाठ गालापासून तिच्या स्वतःच्या जाडीच्या एक ते दीडपट दूर, म्हणजे साधारण ३० अंश. कोन याहून वाढला की पातं त्वचा खरवडतं आणि जळजळ होते. फारच कमी झाला की केस कापला न जाता ओढला जातो. दुसऱ्या हातानं कातडी ताणलेली हवी, आणि ती बोटं कोरडी. फेसानं निसरडी झाली तर ओल्या तुरटीवर घासून घ्यायची, पकड येते.

आणि ही गोष्ट त्याला दहादा सांगा: वस्तरा नेहमी धारेला काटकोनात सरकतो, धारेच्या रेषेत कधीच नाही. विळीवर भाजी पात्यावर दाबून ठेवली तर फारशी चिरत नाही, सरकवली की चिरते. गालाचं तेच. वस्तऱ्याचे बहुतेक काप आडव्या सरकण्यानं होतात, आणि ते होतात दाढी करताना कमी, पातं गालाला टेकवताना आणि उचलताना जास्त. टेकवताना आधी पाठ, मग धार. उचलताना उलट.

पहिल्या तीन-चार दाढ्या कल्ल्यापासून जबड्यापर्यंत, सुलट, एवढ्याच. उरलेली त्याच्या नेहमीच्या रेझरनं. मग जबड्याखालचा भाग, तोही सुलट. गळ्यावर केस बऱ्याच जणांचे तिरके किंवा खालून वर उगवतात, म्हणून आधी दोन दिवसांची वाढ ठेवून बोटानं दिशा चाचपायची. उलटी दाढी निदान दोन महिने नाही. डाव्या गालासाठी डावा हात वापरायला सुरुवातीपासून लावा. अवघड वाटेल, पण दोन्ही हात एकदमच अडाणी असतात तेव्हाच ते शिकतात. नंतर डावा हात मागे पडला की मागेच राहतो.

काही गोष्टी आरशासमोर उभं राहण्याआधी ठरवून टाका. वस्तरा हातातून निसटला तर पकडायचा नाही, पाय मागे घ्यायचे. त्यासाठी बेसिनमध्ये आणि खाली जमिनीवर जाडसर टॉवेल. पातं नळाखाली धुताना तोटीला लागलं की खवला उडालाच, त्यापेक्षा फेस ओल्या फडक्यावर पुसावा, पाठीकडून धारेकडे. कान खाजला, फोन वाजला तर आधी वस्तरा मिटायचा. खरचटलं तर तुरटी. काप पडला तर स्वच्छ कापड पाच मिनिटं न उचलता दाबून धरायचं. काप उघडा पडत असेल किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल तर डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे आधीच बघून ठेवा.

दाढी झाल्यावर पातं कोमट पाण्यानं धुवून, पुसून, कापडाच्या पट्ट्यावर दहा फेऱ्या आणि मग काही तास उघडंच. गंज खिळ्यापासून सुरू होतो, कारण पाणी तिथे साचतं. टिश्यूची घडी मुठीच्या फटीतून एकदा फिरवा. पावसाळ्यात रोज आणि एरवी वापर थांबणार असेल तेव्हा पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात. खोबरेल नको, ते कालांतरानं चिकट होतं. चामड्याच्या म्यानातही ठेवू नका, चामडं ओल धरतं.

वडिलांच्या वस्तऱ्याबद्दल तुमच्यासाठी थोडं. धारेत डाग असतील तर बारीक दगडानं भागणार नाही, १००० पासून सुरुवात करावी लागेल. पातं दगडावर नेहमी पाठीसकट टेकलेलं असल्यामुळे कोन आपोआप ठरतो, म्हणून पाठ झिजू नये यासाठी तिच्यावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी एक थर लावा आणि दर वेळी तेवढीच लावा. धारेच्या उतारावर मार्करची शाई फासून दोन फेऱ्या मारा. शाई राहील तिथे दगड पोचत नाहीये. टाचेपासून टोकापर्यंत हाताची लव सारखी निघायला लागल्याशिवाय १००० सोडायचा नाही. बहुतेकांची धार बिघडते ती इथे घाई केल्यानं, मग पुढे ४०००, ८०००, १२००० कितीही घासा. हाताचा जोर कमी करत न्या, शेवटी फक्त पात्याचं वजन. दगड सपाट आहे का ते आधी पेन्सिलीच्या चौकटी आखून तपासा. तुमच्याच दगडावर वर्षानुवर्षं काम झालं असेल तर मध्ये खळगा असणार. आणि कृपा करून रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे तो वस्तरा देऊ नका. सुरी-कात्रीला त्याचं चाक ठीक, पण वस्तऱ्याची कड त्या घर्षणानं क्षणात तापते, निळी पडते, आणि निळं पडलेलं पोलाद पुन्हा धार धरत नाही. मानेवरचा शिक्का घासून चमकवायचा मोहही टाळा. झोलिंगेन हे नाव फक्त त्या भागात बनलेल्या मालावर घालता येईल असा कायदा जर्मनीत १९३८ मध्ये झाला. तो शिक्का हीच त्या वस्तऱ्याची ओळख आहे.

आता ताईंचं म्हणणं. तुम्ही त्याला विरोध म्हणताय, मला त्यात दोन नेमके मुद्दे दिसतात, आणि दोन्हींत त्यांचं बरोबर आहे.

मुरमांवरून वस्तरा फिरवायचा नाही. पिकलेलं मुरूम कापलं की पू बाकीच्या चेहऱ्यावर पसरतो. थोडी असतील तर त्यांच्या कडेनं जावं, गालभर असतील तर ती बसेपर्यंत ट्रिमर. तो मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असेल तर त्वचा नाजूक झालेली असते, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरुवातच नको. जखमेचा जाड, उंच वण उठण्याची प्रवृत्ती असेल तरी तेच. हे आटोक्यात असेल तर एका पात्याची सुलट दाढी तीन-चार पात्यांच्या रेझरपेक्षा त्वचेला बऱ्याचदा कमी त्रास देते, हेही ताईंना सांगता येईल, पण दुसऱ्यांदा बोलाल तेव्हा.

हॉस्टेलबद्दलही त्यांचंच ऐका. सकाळी आठ वाजता सामाईक बेसिनवर रांग, मागून धक्का, आणि "बघू रे" म्हणून हात घालणारे मित्र. सुरुवातीच्या दाढीला निवांत अर्धा तास लागतो. बऱ्याच हॉस्टेलांच्या नियमांत अशी वस्तू बसणारही नाही. वस्तरा ताईंच्या घरी राहू द्या. हॉस्टेलवर साधा रेझर, घरी आला की वस्तरा. शिकण्याचा वेग कमी होईल. होऊ दे.

आणि भाऊबीजेचा बेत सोडा. सगळ्यांसमोर वस्तरा काढलात तर ताईंना ओवाळणीच्या पाटापाशी एकतर गप्प बसावं लागेल नाहीतर भांडावं लागेल. ज्या पोराचं जावळ तुमच्या मांडीवर बसवून काढलं, त्याला वस्तरा देण्याचा मान मामाचा, हे त्यांना कोणी सांगायला नको. त्यांना आधी फोन करा आणि अटी त्यांनाच ठरवू द्या: कुठे राहील, कुलपात का, कधीपासून.

राहिलं रोजच्या वापराचं. रोज वापरायच्या अटीवर दिलेली वस्तू अजून तुमचीच असते. तो चार महिने हौसेनं करेल, परीक्षेत सोडेल, नोकरी लागल्यावर पुन्हा काढेल किंवा काढणारही नाही. तुमची अट बदला: वापर अथवा न वापर, महिन्यातून एकदा डबीबाहेर काढायचा, पुसायचा, तेलाचा हात द्यायचा आणि धार गेली की दगडावर स्वतः प्रयोग न करता मामाकडे आणायचा. एवढं जमलं तर वस्तरा टिकतो. पट्ट्यावर मारूनही ओढायला लागला की धार गेली, इतकी खूण त्याला पुरे.

ज्या वाचकांना असे मामा नाहीत, त्यांनी जुना वस्तरा घेताना विकणाऱ्याला फोटो मागावेत: मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतं का, मुठीच्या कुठल्या फाकेला घासतं का, धार सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली आहे की मध्ये आत गेलेली, पाठीवर रुंद सपाट झीज आहे का, पात्यात कुठे चीर आहे का. गंजाचे डाग पाठीजवळ असतील तर चालतील, धारेजवळ नकोत, चीर तर कुठेच नको. विमानानं जाणार असाल तर तो चेक-इन सामानात, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. धार लावून देणाऱ्याकडून वस्तरा आला की मात्र एक पाळा, आणि हे तुमच्या भाच्यालाही लागू आहे: पहिल्या दाढीआधी तो पट्ट्यावर मारू नका. देणाऱ्यानं मारूनच दिलेला असतो. नवशिक्या हातानं ती धार पहिल्याच दिवशी गोल केली, तर चांगली धार गालावर कशी चालते हे समजायला पुढची खेप येईपर्यंत थांबावं लागतं.